वालेंतीला कापत का नाहीत?

वालेंती प्लुता कशावरही विश्वास ठेवत नसे. रेडिओने ऊन पडेल म्हटलं की तो छत्री घेऊन निघे. पाऊस पडेल म्हटलं, तरी छत्री घेऊनच निघे, कारण रेडिओ चुकून एखाद्या दिवशी खरं बोलला तर पंचाईत नको. वर्तमानपत्रात तो फक्त निधनवार्ता वाचायचा. "बाकीच्या पानांवर छापलंय ते झालं की नाही कोण जाणे," तो म्हणे, "हे मात्र नक्की झालेलं असतं." दुकानासमोर रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग रांग कशाची ते विचारायचं, हे तर पोलंडमधलं अख्खं वुच शहर करत होतं. पण वालेंती पुढच्या माणसाने दिलेलं उत्तर मागच्या माणसाकडून तपासून घेई.

आणि गंमत अशी, की या संशयी माणसावर सगळ्या फिल्म स्टुडिओचा डोळे मिटून विश्वास होता.

तो स्टुडिओच्या फाटकावर दरवान होता. तरुणपणी सिएरादझजवळच्या खेड्यातून तो वुचला आला, सूतगिरणीत लागला, कापसाच्या धुळीने छातीचा भाता झाला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हलकं काम बघा. फाटक उघडणं आणि लावणं यापेक्षा हलकं काम पोलंडमध्ये फक्त मंत्र्यांना मिळत असे, आणि तिथे जागा रिकामी नव्हती. म्हणून वालेंती फाटकावर आला. फाटकाजवळ त्याची छोटी खोली होती. तीत एक शेगडी, किल्ल्यांच्या खुंट्या, एक टेलिफोन आणि सदा उकळणारी किटली. बाहेर ज्या विनोदाला तुरुंग होता, त्याला या खोलीत चहा मिळे. सुतार यायचे, विग लावणाऱ्या बाया यायच्या, कॅमेऱ्यावरची पोरं यायची, दार लावून घ्यायची आणि पोटात साठलेलं ओकून मोकळी व्हायची. वालेंतीच्या खोलीत सांगितलेलं फाटकाबाहेर जात नाही, ही सगळ्यांची खात्री. त्याला ना बंगला, ना गाडी, ना बँकेत पुंजी. लोकांनी आपल्यासमोर बिनधास्त बोलावं, एवढी एकच त्याची इस्टेट.

या दरबाराचा राजकवी म्हणजे बॉयलरवाला तेओफिल झेंबा. गडी कोळशासारखा काळा आणि तोंडाने त्याहून काळा.

"वालेक," तो लाडाने हाक मारून कुजबुजे, "कोळसा पेटत नाही म्हणून मी वर तक्रार केली. उत्तर काय आलं माहितीये? कॉम्रेड, अभिनंदन. आपल्या देशाने जगातला पहिला आगीला दाद न देणारा कोळसा काढलाय!"

खोली हसे. वालेंती हसताना खिडकीतून बाहेर बघून घेई आणि मग दुसऱ्यांदा, निवांत हसे.

एके दिवशी या खोलीत दिग्दर्शक लिप्को आला. क्साव्हेरी लिप्को म्हणजे विनोदी चित्रपट काढणारा माणूस; म्हणजे चेहऱ्याने अत्यंत दुःखी. त्याने वालेंतीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. वालेंतीच्या मनात पाल चुकचुकली.

"वालेंती, तुमच्या तोंडावर सरकार आहे," लिप्को म्हणाला.

"कुठे?" वालेंतीने घाबरून गाल पुसला.

"ही हनुवटी बघा. या भुवया. समोरच्याची कागदपत्रं अपुरी आहेत अशी ही नजर. माझ्या नव्या चित्रपटात तुम्ही जिल्ह्याचे मोठे साहेब व्हायचं. एकच प्रसंग आहे, पण असा, की लोक पोट धरून हसतील."

"मीच का?" वालेंतीने विचारलं. "स्टुडिओत नट काय कमी आहेत? फाटकावर दुसरा कोणी आणायचाय का तुम्हाला? तसं असेल तर सरळ सांगा."

त्याची समजूत काढायला लिप्कोला दोन चहा लागले. अखेर वालेंती तयार झाला. संशयी माणूस झाला म्हणून काय, पडद्यावर झळकायला कोणाला आवडत नाही? आजवर पडद्यावरचा प्रत्येक चेहरा त्याच्या फाटकातून आत गेला होता; आत न गेलेला चेहरा एकच, त्याचा स्वतःचा.

चित्रपट होता एका छोट्या गावाचा. गावात बडे साहेब येणार म्हणून गवताला हिरवा रंग देतात, शेजारच्या गावातून गुबगुबीत गायी उसन्या आणतात, असला सगळा मामला. वालेंतीचा प्रसंग असा: साहेब लाकडी व्यासपीठावर उभे राहून भाषण करतायत. पण ते व्यासपीठ सगळ्या जिल्ह्यात एकच, आणि दुपारी पुढच्या गावातही समारंभ. तेव्हा चार मजूर येतात आणि साहेबांसकट व्यासपीठ उचलून चालू लागतात. साहेबांचं भाषण थांबत नाही. ते रस्त्याने, शेतातून, पुलावरून "आपण पुढे चाललो आहोत, कॉम्रेड!" म्हणत लहान लहान होत जातात, आणि इकडे चौकातली मंडळी रिकाम्या जागेकडे बघून टाळ्या वाजवत राहतात.

वालेंतीने हे काम फार झकास केलं. एकदा मजुरांपैकी एकाचा पाय नांगरटीत अडकला, व्यासपीठ एका अंगाला कललं, तरी त्याने हात खाली केला नाही. सगळा तांडा हसला. कॅमेरा हसून हलला म्हणून प्रसंग पुन्हा घ्यावा लागला.

आठवड्याभराने लिप्को खोलीत येऊन टेलिफोनवर कोणाशी तरी बोलत होता. स्वतःच्या कचेरीतला टेलिफोन सोडून तो इथे का येतो, हे कोणी विचारत नसे. वालेंती पाठ करून किल्ल्या मोजत होता. पाठीलाही कान असतात.

"व्यासपीठाची काळजी सोड रे," लिप्को बोलत होता, "ते हाड आहे! समितीपुढे टाकायला. ते दोन्ही हातांनी कापतील, देश वाचवला म्हणून खूष होतील, आणि माझी खिडकीतली शाळामास्तरीण वाचेल. मला चित्रपटात तीच हवीये, बाकी सगळं गेलं तरी चालेल."

वालेंतीच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. स्टुडिओत हा रिवाज जुना होता. चित्रपट तपासणाऱ्या समितीला काही ना काही कापायचंच असतं, मग त्यांच्यासाठी एखादा ढळढळीत भडक प्रसंग मुद्दाम घालून ठेवायचा. तो गेला की बाकीचा चित्रपट सुटतो. त्याला हाड म्हणत. आजवर वालेंतीही या रिवाजावर मनमुराद हसला होता. आपणच हाड आहोत हे कळल्यावर मात्र त्याला त्यात विनोद दिसेना.

तो घरी गेला तेव्हा त्याची बायको गेनिया कोबीची भाजी करत होती. मांस नसलेल्या घरात दुसरं काय करणार, नुसता कोबीच वाफवत होती म्हणा ना.

"कापणारच होते तर मला उचललं कशाला?" तो म्हणाला.

"बरं झालं," गेनिया म्हणाली. "दिसला नाहीस तर कोणी ओळखणार नाही. ओळखलं नाही तर कोणी विचारणार नाही. जेव."

समितीचा दिवस आला. वॉर्सातून मंडळी आली. छोट्या प्रदर्शनगृहाच्या दारात, आतल्या बाजूने, वालेंतीला उभं केलं होतं. काम एवढंच, की आत कोणी येऊ नये. मधल्या खुर्चीत समितीचे अध्यक्ष, मऊ, गोल, लाडवासारखे. त्यांच्या दोन्ही बाजूंनी सभासद. या सभासदांचं कसब बघण्यासारखं होतं. विनोद आला की त्यांचं तोंड अर्धं उघडे आणि डोळे अध्यक्षांकडे वळत. अध्यक्ष हसले तर तोंड पुरतं उघडायचं, न हसले तर त्याच तोंडाने जांभई द्यायची.

व्यासपीठ आलं. उचललं गेलं. वालेंतीने स्वतःला शेतातून तरंगत जाताना पाहिलं आणि त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. सभासदांची तोंडं अर्धी उघडून थांबली. अध्यक्ष हसले नाहीत. जांभयांची एक लाट आली.

दिवे लागले.

"कॉम्रेड लिप्को," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "आम्हाला तुम्ही इतकं खुळं समजता?"

लिप्कोचा चेहरा पडला. म्हणजे आणखी पडला.

"हे व्यासपीठ! अहो, हे आम्ही कापावं म्हणूनच तुम्ही घातलंय. आम्ही कापायचं आणि उद्या वॉर्साच्या कॉफीहाउसात तुम्ही सांगत फिरायचं, समिती लाकडाच्या चार फळ्यांना घाबरली म्हणून. छे, छे! व्यासपीठ राहील. उलट आम्हाला ते फार आवडलं." आणि ते खो खो हसले. सभासदांची अर्धी तोंडं एका झटक्यात पूर्ण झाली.

"पण," अध्यक्ष हसू पुसत म्हणाले, "ती शाळामास्तरीण."

"तिचं काय, कॉम्रेड?" लिप्कोचा आवाज चिरकला. "ती तर काही करतच नाही. समारंभ संपतो, लोक पताका गुंडाळतात, ती खिडकीत उभी असते. बस."

"ती हसते."

"जराशी."

"तेच म्हणतो मी. जराशी का? माणसाने हसावं तर मोकळं हसावं. कोणाला हसते ती? कशाला हसते? तुम्ही सांगा. सांगता येत नाही ना? मग जे दिग्दर्शकाला सांगता येत नाही, ते जनतेने कसं समजून घ्यायचं?"

अर्धा तास समिती त्या एका स्मितावर बसली. एकाला ते निराशेचं वाटलं, दुसऱ्याला धार्मिक, तिसऱ्याला तर त्यात परदेशी हात दिसला. अखेर मास्तरीण गेली. वालेंती राहिला.

तो संध्याकाळी उड्या मारत घरी गेला, गेनियाला म्हणाला, "मला ठेवलं!" आणि पुढचे काही आठवडे त्याने अंगण, मांसाचं दुकान, न्हावी, चर्चची पायरी, कोणालाही सोडलं नाही. चित्रपट लागला तेव्हा तो राहायचा ती निम्मी बावुती वस्ती थिएटरात होती. बायका सणासुदीला घालायच्या पोशाखात आल्या होत्या. व्यासपीठ उचललं गेलं आणि थिएटर हसून कोसळलं. बाकांवर हात आपटून लोक हसले. वालेंती खुर्चीत वीतभर उंच झाला.

आणि मग, व्यासपीठ पुलावर पोचायच्या आत, हसू हळूहळू विरत गेलं. माणसं हसता हसता शेजाऱ्याकडे बघायला लागली. जणू सगळ्यांच्या मनात एकच पाल एकदम चुकचुकली होती. बाहेर पडताना एका बाईने ती शंका बोलून दाखवली.

"हे पास कसं झालं हो?"

"तेच म्हणतो. याहून कितीतरी साधं कापतात."

"वरून कोणाचा तरी हात असल्याशिवाय असलं राहत नाही."

"कोणावर हात?"

सगळ्या नजरा वालेंतीकडे वळल्या. सगळ्यांनी वालेंतीचं अभिनंदन मात्र केलं, पूर्वी करत नव्हते इतक्या अदबीने.

दुसऱ्या दिवशी तेओफिल खोलीत आला. वालेंतीने दार लावलं, चहा ओतला, खुर्ची पुढे सरकवली आणि वाट बघितली.

"कोळसा," तेओफिल घसा खाकरून म्हणाला, "सध्या उत्तम येतोय."

"काय?"

"पेटतो. छान पेटतो. तक्रार नाही."

मग सुतार आले. त्यांनी नव्या खिळ्यांची स्तुती केली. विगवाली बाई म्हणाली, यंदा बटाट्याचं पीक कसं भरघोस आहे नाही! कॅमेऱ्यावरचा एक पोरगा तर पंचवार्षिक योजनेबद्दल बोलायला लागला, आणि मध्येच आकडा विसरला म्हणून त्याला घाम फुटला. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. किटली उकळून उकळून कोरडी पडे. किल्ली घ्यायला येणारे दारातूनच हात पुढे करत आणि जाताना उगाच हसत.

वालेंतीने शेवटी तेओफिलला बॉयलरखान्यात गाठलं.

"तेओफिल, तू मला काय समजतोस?"

"मी? मी काही समजत नाही. माझं समजणं बंद आहे."

"अरे, माझ्यावर कोणाचाही हात नाही! अध्यक्षांना संशय आला की हा प्रसंग म्हणजे हाड आहे. म्हणून त्यांनी ठेवला. आणि मास्तरीण कापली."

तेओफिलने फावडं खाली ठेवलं. "हे तुला कसं माहीत?"

"मी तिथे होतो ना!"

"समितीच्या बैठकीत?"

"हो!"

"आत?"

"आतच!" म्हणाला आणि वालेंतीने जीभ चावली. तेओफिलने फावडं पुन्हा उचललं आणि भट्टीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बघ, किती सुंदर पेटतोय."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यानंतर वालेंतीने जितका खुलासा केला तितकं प्रकरण गडद होत गेलं. मांसाच्या दुकानातली ब्रोंका, जी जन्मात कोणाकडे मान वर करून बघत नसे, ती त्याला रांगेतून हाताने पुढे बोलवायला लागली, आणि काउंटरखालून कागदात गुंडाळलेलं सॉसेज काढून द्यायला लागली. मागची रांग गप्प. पूर्वी कोणी पुढे घुसलं तर याच रांगेने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. वालेंतीला ती शिवीगाळ हवी होती. ती मिळेना, सॉसेज मिळालं.

त्या दिवशी गेनियाने सॉसेज कापलं, ताटात वाढलं, आणि स्वतः हात लावला नाही.

"वालेक," ती म्हणाली, "आपलं लग्न होऊन उभा जन्म गेला. मला खरं सांग. मी कोणाला बोलणार नाही. तू त्या वरच्या लोकांना काही कळवतोस का?"

वालेंतीने घास ताटात परत ठेवला. जगावर संशय घेताना त्याला कधी वाटलं नव्हतं, की जगानेही एखादा दिवस त्याच्यावर संशय घ्यायला राखून ठेवला असेल.

"तुलाही वाटतं?" तो म्हणाला.

"मला काही वाटत नाही. पण तुला कापलं का नाही?"

तो न जेवता उठला. आणि पुढच्या दिवशी कहरच झाला: स्वतः लिप्को खोलीत आला, टेलिफोनकडे गेला, वालेंतीकडे बघितलं, आणि टेलिफोन न करताच परत वळला.

"साहेब!" वालेंतीने त्याला दारात अडवलं. "तुम्हीसुद्धा?"

"हाडाबद्दल मी बोललो ते फक्त या खोलीतून," लिप्को थंडपणे म्हणाला. "आणि अध्यक्षांना ते आधीच माहीत होतं. माझी मास्तरीण गेली, वालेंती. मला फक्त तीच हवी होती."

"अहो, हाड हा प्रकार वॉर्सातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे! साहेब, एक करा. पुढच्या चित्रपटात मला पुन्हा घ्या."

"बक्षीस म्हणून?"

"परीक्षा म्हणून. असा प्रसंग द्या, की तो कापलाच पाहिजे. मी त्यांचा माणूस असेन, तर ते मला कापणार नाहीत. कापलं, तर तुमचंही समाधान आणि माझंही. मला नाव नको, पडदा नको. मला फक्त कापा."

लिप्कोने त्याच्याकडे पुन्हा टक लावून पाहिलं. विनोदी चित्रपट काढणाऱ्या त्या दुःखी माणसाच्या ओठाचा एक कोपरा हलला.

नव्या चित्रपटात वालेंती झाला दुकानांचा इन्स्पेक्टर. गाव असं, की सगळ्या गावात मिळून एकच हॅम, म्हणजे डुकराची एकच खारवलेली मांडी. इन्स्पेक्टर एका दुकानातून निघाला की तेच हॅम मागच्या दाराने रुग्णवाहिकेत घालून, भोंगा वाजवत पुढच्या दुकानात पोचतं. पहिल्या दुकानात इन्स्पेक्टर हॅम बघून मान डोलावतो. दुसऱ्यात जरा थबकतो. तिसऱ्यात त्याला कळतं. तो काही बोलत नाही, चिडत नाही. जुना परिचय असल्यासारखी टोपी उचलून हॅमला नमस्कार करतो. पुढचा प्रसंग स्टेशनकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्याचा.

या वेळी वालेंतीने कोणाला काही सांगितलं नाही. पण स्टुडिओत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. हॅमचा नमस्कार बघता बघता सगळ्या बावुतीला तोंडपाठ झाला, आणि सगळी बावुती दबा धरून बसली. राहतो की जातो?

समिती आली. वालेंती दारात. लिप्को मागच्या रांगेत, वालेंतीवर नजर. हॅम आलं, गेलं, रुग्णवाहिका धावली. अध्यक्षांनी पडद्याकडे बोट केलं.

"अरे! हे तर आपले व्यासपीठवाले!" ते शेजाऱ्याला म्हणाले. "फार गोड माणूस. यांचं काहीही ठेवा."

वालेंतीने मागे हात नेऊन दाराची कडी धरली. लिप्कोचे डोळे त्याच्यावर रोखले गेले. पडद्यावरचा इन्स्पेक्टर तिसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढत होता. आता टोपी उचलली जाणार, अध्यक्ष हसणार, सभासदांची तोंडं उघडणार, आणि वालेंती प्लुता जन्मभरासाठी त्यांचा माणूस होणार. काहीतरी केलं पाहिजे! पण दरवानाने काय करायचं? दार उघडायचं? बोलायचं? त्याला बोलायची परवानगी नव्हती.

तो हसला.

म्हणजे आधी त्याने हसण्याचा आवाज काढला, गळा दाबल्यासारखा. त्या खोलीत अध्यक्षांच्या आधी आजवर कोणी हसलेलं नव्हतं. सभासदांच्या माना गर्रकन वळल्या. आणि त्याच क्षणी पडद्यावर टोपी उचलली गेली, हॅमला, अदबीने, आणि वालेंतीच्या डोळ्यांपुढे काउंटरखालचं सॉसेज आलं, आगीला दाद न देणारा कोळसा आला, बटाट्याचं भरघोस पीक आलं, आणि त्याला खरंच हसू आलं. असं, की थांबेना. तो दाराला टेकला, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गिरणीच्या धुळीने भरलेला छातीचा भाता फाटतोय की काय असा आवाज निघाला.

दिवे लागले.

"हा का हसतो?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज गोड नव्हता.

"दरवान आहे, कॉम्रेड," कोणीतरी म्हणालं.

"दिसतंय मला. दरवान का हसतो?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "आपण हसलो तर ती उदारता. पण दरवान हसतो म्हणजे त्याला कळलं! आणि एका दरवानाला कळलं, तर देशात किती दरवान आहेत?"

कोणी आकडा सांगितला नाही.

"कापा," अध्यक्ष म्हणाले. "हॅम, टोपी, इन्स्पेक्टर, सगळं. तिसऱ्या दुकानापर्यंत पोचायलाच नको."

वालेंतीला त्यांनी बाहेर काढलं. तो धडपडत खोलीत आला, खुर्चीत बसला, अजून उचक्या देत होता. पाठोपाठ लिप्को आला. त्याने वालेंतीचे दोन्ही खांदे धरले आणि दोन्ही गालांवर मुके घेतले.

"माझा सगळ्यात चांगला प्रसंग तुम्ही मारलात," तो म्हणाला. "देव तुमचं भलं करो." आणि टेलिफोन उचलून, वालेंतीच्या समोर बसून, पोटभर शिव्या देत वॉर्साशी बोलला.

दुपारच्या चहाला दार हळूच उघडलं. तेओफिल. मागे सुतार, त्यांच्या मागे विगवाली बाई.

"कापलं म्हणे?" तेओफिलने विचारलं.

"सगळं."

"टोपीसुद्धा?"

"टोपीसकट."

तेओफिलने आत येऊन दार लावलं, खिडकीतून बाहेर बघितलं, शेगडीवरची किटली हलवून पाहिली. मग खुर्ची ओढून वालेंतीच्या कानाशी आला.

"वालेक, वॉर्सात म्हणे एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवलीये. फक्त वर जाते, खाली येत नाही. लोक म्हणाले, अहो, मग खाली यायचं कसं? इंजिनियर म्हणाला, ही पक्षाची कचेरी आहे. इथून आपणहून खाली आलेला कोणी बघितलाय का कधी?"

वालेंती हसला नाही. त्याला रडायला येत होतं, म्हणून त्याने चहा ओतला.

मांसाच्या दुकानात त्या आठवड्यात ब्रोंकाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो चुकून जरा पुढे सरकला, तर मागच्या एका म्हातारीने त्याच्या आईपासून सुरुवात करून सात पिढ्या उद्धरल्या. तो टोपी काढून तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकत राहिला.

चित्रपट लागला तेव्हा बावुती पुन्हा थिएटरात होती. वालेंती कुठेही नसलेला चित्रपट बघायला आधीपेक्षा जास्त लोक आले. गेनियाने नवा रुमाल बांधला होता. पहिलं दुकान आलं, दुसरं दुकान आलं, रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला आणि चित्र एकदम गचका खाऊन पुढे सरकलं. पडद्यावर दिसला नुसता रिकामा रस्ता, दूर स्टेशन, वर दोन कावळे.

"इथे!" तेओफिल अंधारात कुजबुजला. "इथे होता तो!"

आणि थिएटर हसत सुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, रिकाम्या रस्त्याला डोक्यावरच्या टोप्या उचलून नमस्कार करत होती. पुढच्या रांगेत कोट घातलेले दोन सरकारी गृहस्थ बसले होते. ते उठून मागे वळले, लोकांकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, पुन्हा लोकांकडे बघितलं. रस्ता रिकामाच होता. त्यातलं नेमकं काय कापायचं, हे त्यांना काही केल्या कळेना.